तीन नंबरचे ग्लोव्ह्ज

बस कोपरी पुलाच्या अलीकडे रखडली होती. तेवढ्यात लॅबमधल्या मॅडमचा फोन आला. "सिस्टर, सात नंबरचं ब्लड कल्चर. क्लेबसिएला. मेरोपेनेमला आर."

ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. सात नंबरच्या बेडवरच्या पेशंटच्या रक्तात क्लेबसिएला नावाचा जंतू सापडला होता आणि मेरोपेनेम या तगड्या अँटिबायोटिकला तो 'आर' होता, म्हणजे रेझिस्टंट, दाद न देणारा. पोटात गोळा आला, कारण हाच जंतू आमच्याकडे आधीपासून मुक्कामाला होता. तीन नंबरच्या बेडवर.

तीन नंबरचे आजोबा दुसरीकडे दोन आठवडे व्हेंटिलेटरवर राहून आले होते. अशा पेशंटचा आम्ही दाखल करतानाच गुदद्वारातून स्वॅब घेतो. त्यांचा पॉझिटिव्ह आला. जंतू आतड्यात वस्तीला होता, पण त्याचा आजार नव्हता. हा फरक नातेवाइकांना समजावणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात कठीण काम. आजोबांचा मुलगा मुरबाडकडचा शेतकरी. त्याचा प्रश्न सरळ होता, "जंतू आहेत म्हणता, मग औषध का देत नाही?" म्हटलं, औषध दिलं तर पोटातले चांगले जंतू मरतील आणि हे मोकळ्या रानात माजतील. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "लव्हाळ्यासारखं. तणनाशक मारलं की पीक जळतं, तो तसाच." मी आता सगळ्यांना हेच सांगते.

सात नंबरची बाई घोडबंदर रोडवरच्या अपघातातली, चाळिशीची. दाखल करताना तिचा स्वॅब निगेटिव्ह होता. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि बीपी घसरलं. मानेतल्या सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून जंतू रक्तात शिरला असावा. जंतूचा जीन तपासला, मेरोपेनेमसारखी औषधं निकामी करणारा एनडीएम निघाला. यातलं 'एनडी' म्हणजे नवी दिल्ली. 2009 मध्ये हे नाव पडलं, त्यावरून पुढच्या वर्षी केवढा गदारोळ झाला होता! वॉर्डात आता ते मीठ-मिरचीइतकं रोजचं झालंय. एनडीएम असला की सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम एकटं चालत नाही, जोडीला अ‍ॅझ्ट्रिओनाम द्यावं लागतं. कोलिस्टिन हाताशी असतं, पण मूत्रपिंडांना जड म्हणून एकेकाळी मागे पडलेलं ते जुनं औषध. सरांनी जोडी सुरू केली.

दुपारी मीटिंग झाली. कुणीतरी नेहमीचं वाक्य टाकलंच, "हाउसकीपिंगवाले नीट पुसत नाहीत." मावशी दारातच उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. मला ते लागलं. म्हटलं, कॅमेरा बघू.

आयसीयूच्या कॅमेऱ्यात बेड धड दिसत नाहीत, पण नर्सिंग स्टेशन स्वच्छ दिसतं. चार दिवस मागे गेले. आजोबांना कुशीवर वळवायला दोघं जण, त्यातली एक मी. ग्लोव्ह्ज, एप्रन, सगळं नियमाने. स्टेशनवरचा फोन वाजतो. मी येते, त्याच ग्लोव्ह्जने रिसीव्हर उचलते, बोलता बोलता कीबोर्डवर काहीतरी शोधते, फोन ठेवते. मग ग्लोव्ह्ज काढून हात चोळते, अगदी व्यवस्थित! पाठोपाठ ब्रदर येतो, त्याच कीबोर्डवर डोस बघतो आणि थेट सात नंबरच्या लाइनला हात घालतो. हँडरबची, म्हणजे हात चोळायच्या सॅनिटायझरची बाटली कीबोर्डपासून वीतभर अंतरावर.

हात कधी कधी स्वच्छ करायचे, ते पाच क्षण या आयसीयूत मीच शिकवते. दर महिन्याचं ऑडिटही माझंच. ग्लोव्ह्ज घातले की हात स्वच्छच आहेत असं वाटायला लागतं, ही चूक मी फळ्यावर लिहून दाखवते.

जंतू त्याच वाटेने गेला, असं त्या फुटेजवरून सिद्ध होत नाही. सिंकमधून गेला असेल, पोर्टेबल एक्सरेवरून गेला असेल. तरी संध्याकाळी मी ती क्लिप सगळ्यांना दाखवली, मावशींनाही बोलावून. ब्रदरचा चेहरा पडला होता. त्याला म्हटलं, आधी माझा हात बघ, मग तुझा.

बाईचा ताप पाचव्या दिवशी उतरला. मूत्रपिंडं वाचली. घरी जायला मात्र महिना लागला. आजोबा तिच्या आधीच मुरबाडला गेले, जंतू पोटात घेऊनच. पुन्हा कुठेही दाखल करावं लागलं तर आधी दाखवा, म्हणून फाइलवर लाल शाईने लिहून दिलं.

क्लिप संपल्यावर मावशी एवढंच म्हणाल्या, "फोन मी दिवसातून तीनदा पुसते, सिस्टर. पुसल्यावर कोण उचलतं, ते मला काय ठाऊक?"