पालथं पडून

आमच्या खानदेशात पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत. पाठीला रिकामा डबा बांधायचा, काकाने काठावरून ढकलायचं, आणि मग जिवाच्या आकांताने जे हातपाय झाडले जातात तेच आमचं पोहणं. विहिरीला उथळ कडा नसते. थांबलात की खाली. त्यामुळे पाणी कापता येतं आम्हाला, पाण्यात नुसतं पडून राहता येत नाही. घरी लिंबाखाली खाटेवर दुपार काढण्यात आमचा हात कोणी धरणार नाही, पण तो आळस पाण्यात उतरत नाही.

तो उतरवायचा तर स्नॉर्कलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं पडायचं आणि तळ बघत राहायचं. त्याला शहीद द्वीपासारखी जागा हवी. अंदमानातलं हे बेट, २०१८ पर्यंत नील म्हणून ओळखलं जाणारं. आमची तापी मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर चालत पश्चिमेला सुरतेजवळ समुद्र गाठते, आणि आम्ही पोहायला निघालो तिच्याकडे पाठ करून. त्याला कारणही आहे. ज्या काळ्या मातीवर आमचा कापूस पोसतो, तीच माती तापी पावसाळ्यात समुद्रात नेऊन ओतते, आणि प्रवाळाला गढूळ पाणी चालत नाही. प्रवाळ हा प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करून त्याला भरवतं. ऊन अडलं की त्याची उपासमार. या बेटावरच्या भरतपूर किनाऱ्याबाहेर हा प्रवाळ बांधासारखा पसरलाय. लाटा तिथेच फुटतात, आत कमरेएवढं पाणी निवांत. ओहोटीला तेही ओसरतं, म्हणून इथे घड्याळापेक्षा भरती बघून उतरायचं.

सोबत आमचे धरणगावचे साडू. "तठे काय शे?" असं निघाल्यापासून विचारत आलेले. स्नॉर्कलचा मास्क नाकासकट डोळे झाकतो आणि वरच्या ओठावर घट्ट बसतो. मिशी असली की केसांतून पाणी आत झिरपतं. तिथल्या पोराने हे समजावल्यावर साडूंचा चेहरा पडला. "मिशी तं मी काढत नही," म्हणाले आणि वाळूत बसून राहिले. शेवटी मिशीवर व्हॅसलीन थापून तडजोड झाली. लग्नातसुद्धा ती इतकी चमकली नसेल.

पाण्यात गेल्यावर आमचं विहिरीचं शिक्षण आडवं आलं. पाय झाडले की तळाची वाळू उसळते, मासे पसार, काचेपुढे नुसता धुरळा. लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ असलेलं पाणी माणसाला आपणहून वर धरतं, हे अंगाला पटायला वेळ लागतो. हात सैल सोडले, तोंडातल्या नळीने श्वास चालू ठेवला, की मग एकेक जण परत येतो. पहिला आला पोपटमासा. तो चोचीने प्रवाळ कुरतडतो आणि कुरतडल्याचा आवाज पाण्यात स्वच्छ ऐकू येतो. दगडावरचं शेवाळ त्याच्या पोटात राहतं, चुरा मागच्या दाराने बाहेर. किनाऱ्यावरची पांढरी वाळू बरीचशी त्याचीच. हे ऐकून साडूंना आमच्या गिरणा नदीची वाळू आठवली. ती कशी जाते ते सगळ्यांना माहीत आहे, ती कोणी करत मात्र नाही.

सनस्क्रीनला आम्ही हसलो होतो. पंचेचाळीस अंशांत शेतावर उभ्या राहणाऱ्यांना समुद्राचं ऊन काय करणार? पण पाणी अंग गार ठेवतं, भाजतंय ते कळतच नाही, आणि पालथं पडणाऱ्याची पाठ तेवढी आभाळाकडे. इकडे सूर्य जळगावच्या तासभर आधी बुडतो, घड्याळ मात्र एकच. आपल्याकडे चहाला आधण ठेवायच्या वेळी तिथे अंधार पडलेला. दिवे लागले तेव्हा साडू खोलीत पाठीला खोबरेल लावून पालथेच पडले होते, आणि उशीत तोंड ठेवून उद्याच्या भरतीची वेळ विचारत होते.