टाकीमागचा काळा डबा आणि त्याची उघडी नळी

गतिरोधकावर गाडी खाली घासली, म्हणून तळ तपासायला घेतला. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते. तिच्या मागे, स्टेपनीच्या खळग्याच्या अलीकडे, विटेपेक्षा थोडा मोठा काळा प्लॅस्टिकचा डबा दिसला. त्याला तीन नळ्या होत्या. दोन पुढे गेलेल्या, तिसरीचं टोक मोकळं. घासल्यामुळे नळी तुटली असंच कुणालाही वाटेल, आणि नेमकी इथेच चूक होते. अनोळखी पार्ट आकारावरून ओळखायला जाऊ नये. तो कशाला जोडलेला आहे ते आधी पाहावं, कारण तळाशी काळे डबे बरेच असतात, पण प्रत्येकाच्या जोडण्या वेगळ्या.

खाली शिरण्याआधी दोन गोष्टींत मी कधीच सवलत घेत नाही. एक, नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली अंग घालायचं नाही. सपाट जमीन, हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, मग जॅक पॉइंटवर उचलून घोडी (जॅक स्टँड) लावायची आणि गाडी हाताने हलवून खात्री करायची. दोन, सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्यायचा. धावून आलेल्या गाडीला तासभर सहज लागतो. पेट्रोलच्या आसपास काम असल्याने उजेडाला एलईडी बॅटरी वापरावी. हॅलोजन किंवा वायर ओढलेला बल्ब नको.

आता शोध. प्रत्येक नळीवर बोट ठेवून ती कुठे जाते ते शेवटपर्यंत पाहिलं. पहिली टाकीच्या माथ्यावर गेली. दुसरी तळाच्या कडेने, ब्रेकच्या पाइपांसोबत क्लिपांत बसून थेट इंजिनपर्यंत. ब्रेकचे पाइप ओळखायला सोपे: स्टीलचे, जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाड, चाकांकडे फुटणारे. त्यांच्या शेजारच्या जाड नळ्या पेट्रोलच्या आणि वाफेच्या. बॉनेट उघडून दुसऱ्या नळीचं टोक शोधलं, तर ते इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डजवळच्या, दोन तारांचा कपलर असलेल्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये शिरलेलं. तिथेच ओळख पटली. टाकी, डबा, विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, इनटेक ही साखळी एकाच गोष्टीची असते: हा चारकोल कॅनिस्टर, आणि पुढचा तो पर्ज व्हॉल्व्ह. पेट्रोल फिल्टर असता तर एकीकडून पेट्रोल आत आणि दुसरीकडून बाहेर, अशी सरळ जोडणी असती, आणि अंगावर बहुधा प्रवाहाचा बाण.

टाकीतल्या पेट्रोलची वाफ हवेत न जाता या डब्यातल्या सक्रिय कोळशात अडकते. इंजिन गरम झालं की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इनटेकच्या ओढीने वाफ इंजिनात जाऊन जळते, आणि तिच्या जागी बाहेरची ताजी हवा डब्यात शिरते. ही हवा येते त्या तिसऱ्या, मोकळ्या नळीतून. म्हणजे ती तुटलेली नाही. ती उघडीच असायला हवी. डिझेल फारसं उडत नाही, म्हणून डिझेल गाडीत हा डबा नसतो. सीएनजी गाडी पेट्रोलवरही चालते, तिथे तो असतो.

खात्री करायला अंगावरचे शिक्के वाचले. इथे तारेचा ब्रश अजिबात नको, अक्षरंच खरवडून निघतात. जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. उठावाची अक्षरं तरीही वाचता येत नसतील तर खडू आडवा धरून हलकेच फिरवायचा आणि बॅटरी बाजूने तिरपी मारायची. वर आलेला भाग पांढरा होतो आणि आकडे एकदम उमटतात. दोन कोनांच्या चिन्हांत पीए, पीपी अशी रोमन अक्षरं दिसली तर ते प्लॅस्टिकच्या जातीचं नाव असतं, पार्ट नंबर नव्हे. काउंटरवर लोक हमखास तेच सांगतात आणि हात हलवत परत येतात. शेजारी घड्याळासारखा छोटा गोल असतो. कडेने १ ते १२ आकडे, मध्ये बाण, बाणाच्या दोन बाजूंना वर्षाचे दोन अंक. माझ्या डब्यावर बाण ७ वर होता आणि मध्ये १७, म्हणजे जुलै २०१७ चं साचकाम. गाडीही त्याच वर्षाची, तेव्हा डबा मूळचाच. गाडीच्या वर्षाच्या नंतरची तारीख निघाली तर पार्ट मध्ये कधीतरी बदललेला आहे असं समजावं.

पार्ट नंबरमध्ये सुरुवातीचे पाच आकडे बहुतेकदा पार्टचा प्रकार सांगतात. सुझुकीचा ऑइल फिल्टर १६५१० ने सुरू होतो, टोयोटाचा कॅनिस्टर ७७७४० ने. उरलेली अक्षरं मॉडेलची. मात्र दुकानात नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका; एकाच मॉडेलच्या दोन सालांत डबा वेगळा निघतो. आरसीवरचा १७ अक्षरी चेसिस नंबर द्या आणि कॅटलॉगमधलं सुट्या भागांचं चित्र स्वतः पाहून घ्या. सोबत दोन फोटो ठेवा: एक लांबून, चाक किंवा ॲक्सल चौकटीत येईल असा, आणि एक जवळून, शेजारी पट्टी ठेवून.

उघडी नळी पाहून कुणी तिला बूच मारलं किंवा स्क्रू ठोकला, तर पुढचा त्रास ठरलेला. पंपावर भरताना नोझल पुन्हा पुन्हा कट होतं, कारण टाकीतली हवा बाहेर पडायला वाट नसते. गाडी चालल्यावर टाकीत ओढ तयार होते आणि झाकण उघडताना जोरात फुस्स आवाज येतो. थोडा आवाज नेहमीचाच. काळजी जोरदार, दर वेळी येणाऱ्या आवाजाची करायची. नळी बुजवायचं हे काम किडेही करतात. मार्च २०११ मध्ये उत्तर अमेरिकेत माझदाने सुमारे ६५ हजार माझदा-६ गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण याच हवेच्या नळीत कोळी जाळी करत होते आणि टाकीवर ताण येऊन तिला तडा जाण्याचा धोका होता. आपल्याकडे पावसाळ्यातला चिखलही पुरतो. म्हणून प्रेशर वॉशचा फवारा त्या तोंडावर थेट मारू देऊ नका.

डबा चांगला आहे का हे पाहायला फार साहित्य लागत नाही. मी गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, पेट्रोलचं झाकण उघडून दाब सोडला आणि इंजिनाकडची नळी पर्ज व्हॉल्व्हपाशी काढली. अशा नळीच्या टोकाला बटणं दाबून सुटणारी जोडणी असते; तिची दोन्ही बटणं दाबून नळी आधी किंचित आत ढकलायची आणि मग ओढायची. स्क्रूड्रायव्हरने उचकटली तर जुनं प्लॅस्टिक तुटतं. नळीचं तोंड पांढऱ्या कागदावर हलकेच आपटलं. काळे दाणे पडले असते तर डब्यातली जाळी फाटून कोळसा पुढे सुटला असता, आणि मग डबा आणि व्हॉल्व्ह दोन्ही बदलावे लागतात, कारण दाणा अडकला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. कागद कोरा राहिला. पर्ज व्हॉल्व्ह वीज नसताना बंद असतो, म्हणून त्यातून हातपंपाने हवा जाता कामा नये. तोंडाने फुंकू नका, आत पेट्रोलची वाफ असते. हवा गेली नाही. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरते आणि आयडलिंग डगमगतं. गाडीतल्या दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०४४० ते पी०४५९ या पट्ट्यातला कोड आला तर याच साखळीत शोधायचं.

डबा सर्वांत जास्त मरतो तो टाकी काठोकाठ भरल्याने. नोझल आपोआप कट झाल्यावरही रक्कम गोल करायला अजून दोन-तीनदा दाबलं की द्रव पेट्रोल वाफेच्या वाटेने डब्यात उतरतं. कोळसा भिजला की वाफ धरत नाही, पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येतो, आणि खोलून हातात घेतल्यावर डबा जड लागतो किंवा आत डुचमळतं. असा डबा उन्हात वाळवून परत बसवण्यात अर्थ नाही.

माझ्या गाडीत घासण्याने झालं होतं एवढंच: उघड्या नळीची क्लिप तुटून तोंड लोंबकळत होतं आणि टोकाची जाळी चिखलाने बुजली होती. जाळी धुऊन, पूर्ण वाळवून परत लावली, नवी क्लिप बसवली आणि तोंड पूर्वी होतं तसं वरच्या आडोशात, खाली वळवून ठेवलं. बॅटरीची तार सर्वांत शेवटी जोडली.