आत्या, दोन दिवसांत ब्लॅक बेल्ट मिळतोय!

ऐन एप्रिलात इथे शॉमबर्गला बर्फ पडला, आणि त्याच सकाळी वेर्ण्याहून भाच्याचा मेसेज आला. सोबत एका क्लासची जाहिरात. शनिवार-रविवार शिकवणी, रविवारी रात्री ऑनलाइन परीक्षा, सोमवारी हातात लीन सिक्स सिग्मा ब्लॅक बेल्ट, म्हणजे कामातल्या चुका कमी करायच्या पद्धतीचं वरच्या पायरीचं प्रमाणपत्र. "आत्या, करून टाकू?" भाचा आमचा देवगडचाच. गोव्यात औषधांच्या कंपनीत पॅकिंग लाइनवर दोन वर्षं झाली त्याला. प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय, आणि जमलं तर इकडे यायचंय. असे मेसेज गावाकडून आता वरचेवर येतात, म्हणून उत्तर एकदाच इथे लिहून टाकते.

गंमत म्हणजे हे सगळं प्रकरण सुरू झालं ते माझ्याच गल्लीत म्हणायला हरकत नाही. शिकागोच्या या उपनगरात मोटोरोलाचं मुख्यालय कितीतरी वर्षं होतं. १९८६ मध्ये त्या कंपनीतल्या बिल स्मिथ या इंजिनिअरने सिक्स सिग्माची मांडणी केली. पुढे १९९५ पासून जॅक वेल्च यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये ती इतकी लावून धरली की जगभर पट्ट्यांचं पीक आलं. पट्ट्यांची नावं कराटेतून उचललेली. माझ्या आईला अजूनही वाटतं की मी अमेरिकेत कराटे शिकले.

सिक्स सिग्मा म्हणजे चूक होऊ शकेल अशा दहा लाख संधींमागे फक्त ३.४ चुका. आपल्या भाषेत सांगायचं तर पाच डझनी पेटीत ६० फळं. साडेसोळा हजार पेट्या उघडाव्यात आणि सगळ्या मिळून तीन-चारच फळं डागी निघावीत. हापूसला हे सांगून बघा! त्यात साका, म्हणजे आतला गर खराब होणं, तर बाहेरून दिसतही नाही. गावी बाग बघणाऱ्या तात्यांना एकदा मी विचारलं होतं, न कापता साका ओळखता येत नाही का? ते म्हणाले, "गो बाय, भायरसून गावता तर मगे कापूक कित्याक व्हया?" शेवटी तपासून दर्जा येत नाही, तो आधीच्या कामात असावा लागतो, हे मला पुढे वर्गात चार तास शिकवलं.

तर भाच्या, ऐक. सिक्स सिग्माचं प्रमाणपत्र देणारी जगात एकच अधिकृत संस्था नाही. म्हणून तर दोन दिवसांचा क्लासही ब्लॅक बेल्ट छापू शकतो. इकडे ज्याला वजन आहे ते एएसक्यूचं. ही दर्जावाल्यांची संस्था १९४६ सालची, इथून गाडीने दीड-दोन तासांवर मिलवॉकीला. त्यांच्या ग्रीन बेल्टलाच, म्हणजे ब्लॅकच्या खालच्या पायरीलाच, तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे तुला अजून एक वर्ष थांबायचंय. ब्लॅक बेल्टला दोन पूर्ण केलेले प्रोजेक्ट दाखवावे लागतात, किंवा एक प्रोजेक्ट आणि तीन वर्षांचा अनुभव. परीक्षेला पुस्तकं नेता येतात, यावरून ती सोपी असेल असं समजू नकोस. मी दोन पिशव्या नेल्या होत्या आणि उघडली त्यातली एकच वही. आयएएसएससी या दुसऱ्या संस्थेच्या परीक्षेला अनुभव लागत नाही, प्रोजेक्टही नाही. ती वाईट नव्हे, पण ती फक्त तुला माहिती आहे एवढंच सांगते.

पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) ही परीक्षा वेगळी. ती प्रोजेक्ट चालवण्याची. पदवीधराला ३६ महिने प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं शिक्षण लागतं. तुला व्हायचंय प्रोजेक्ट मॅनेजर, तर आज ना उद्या तीच कर. बेल्ट तिच्या जोडीला. पीएमपी टिकवायला दर तीन वर्षांनी ६० पीडीयू, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे तास, जमवावे लागतात, बेल्टच्या शिकवणीतले बरेच तास त्यात धरता येतात.

आता खरी गोष्ट. इथल्या मुलाखतीत बेल्टचा रंग कोणी फारसा विचारत नाही. विचारतात, प्रोजेक्ट काय केलास? आधी किती होतं, नंतर किती झालं, आणि मोजलंस कसं?

माझा प्रोजेक्ट ऐकशील तर हसशील. कंपनीत पुरवठादाराच्या कागदात साधा बदल मंजूर व्हायला तीन आठवडे लागायचे. सगळे म्हणायचे माणसं कमी आहेत. मी आठवडाभर मंजुरीच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले. टोयोटावाले यालाच गेम्बा म्हणतात, जिथे काम होतं तिथे जाऊन बघायचं. कागदाला प्रत्यक्ष हात लागण्याचा वेळ जेमतेम चार तास, बाकी नुसतं पडून राहणं. बरेच कागद एकाच रकान्यामुळे परत जायचे. माशाच्या काट्यासारखी आकृती काढतात ना इशिकावांची, मधला कणा आणि बाजूला कारणं, ती मी मोठ्या थाटात काढली. टेबलावरची बाई शांतपणे म्हणाली, त्या रकान्याचं मी दोन वर्षं सांगतेय. तिचं कोणी ऐकलं नव्हतं. माझ्या आलेखाचं एका बैठकीत ऐकलं.

त्यानंतर मे महिन्यात गावी गेले ती जरा फुगूनच. वाशीचा दलाल डागी माल म्हणून पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, पैसे कापत होता. मी तक्ता केला: बाग, काढणारा, वेळ, देठ आहे की तुटलाय. पहिले दोन दिवस गड्यांनी सगळीकडे बरोबरच्या खुणा करून ठेवल्या. (इथल्या कारखान्यातही हेच करतात, निराश होऊ नये.) मग मीच अढीच्या खोलीत पेंढ्यावर बसून मोजायला लागले. चिकाचे डाग बहुतेक एकाच टोळीच्या फळांवर, आणि त्या टोळीच्या झेल्याचं, म्हणजे आंबे काढायच्या जाळीच्या काठीचं, पातं बोथट. देठ कापला न जाता उपटला जायचा आणि चीक सालीवर ओघळायचा. तात्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "ह्या माका म्हायत होता."

माहीत होतं, पण गड्याला बोललं तर तो दुसऱ्या बागेत जाणार, आणि दलालाला सांगितलं तर तो म्हणणार, तुमची बाग तुम्ही बघा. तक्ता पुढे ठेवल्यावर टोळीवाला रागावला नाही, पातं बदलून घेतलं. दलालाने मात्र कापलेले पैसे दिले नाहीत ते नाहीतच. त्याचं म्हणणं, वाटेत दाबली गेलेली फळं तुमच्या तक्त्यात कुठे आहेत? नव्हती. माझी मोजणी बागेच्या फाटकापाशी संपत होती. ब्लॅक बेल्ट असून.

तर दोन दिवसांच्या क्लासचे पैसे वाचव. तुझ्या लाइनवर रोज जे अडतं आणि जे हेल्परला केव्हाचं ठाऊक आहे, ते महिनाभर मोजून काढ. साहेबाची परवानगी लेखी घे, म्हणजे पुढे प्रोजेक्ट म्हणून दाखवता येईल. मोजल्यावर काय निघालं ते मला पाठव, मग कुठली परीक्षा ते ठरवू.

माझा तो तक्ता अजून अढीच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. परवा व्हिडिओ कॉलवर दिसला. मागच्या कोऱ्या बाजूवर आईने दुधाचा हिशेब लिहिलाय.