एमजीबी जीटीने अ‍ॅपलक्रॉसला

मागच्या जूनमध्ये आम्ही दोघे आमच्या १९७२ सालच्या एमजीबी जीटी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारने इंग्लंडमधील प्रेस्टनहून स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरील अ‍ॅपलक्रॉसला जाऊन आलो. पन्नाशी उलटलेल्या गाडीने एवढ्या लांब जावे का, असे आम्हाला अनेकांनी विचारले. माझ्या अनुभवाने सांगतो की आठवड्यातून दोनदा तरी रस्त्यावर निघणारी जुनी गाडी सहसा दगा देत नाही आणि गॅरेजमध्ये पांघरूण घालून ठेवलेली गाडी हमखास देते. या प्रवासात जे एकमेव विघ्न आले, त्याचे मूळही हिवाळ्यात मी ती अडीच महिने उभी ठेवली यातच होते.

एमजीबीचे हे छप्पर असलेले रूप १९६५ साली बाजारात आले. छताची ठेवण इटलीतील तुरिनच्या पिनिनफारिना या डिझाइन कंपनीची, बांधणी मात्र ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनची. मागचे दार वर उघडते, त्यामुळे दोघांचे सामान ऐसपैस मावते. मागच्या बाकावर मोठ्या माणसाला बसवण्याचा विचार मात्र कोणी करू नये, तिथे आमची डब्यांची पिशवीच काय ती सुखाने बसली. १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन मोटारवेवर सत्तर मैलांच्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये मिनिटाला जवळपास ३,९०० फेरे घेते आणि त्या आवाजात बोलणे अशक्य होते. ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या जादा गिअरचा, खटका ओढला की फेरे ३,२०० च्या आसपास येतात. गाडी घ्यायचीच असेल तर ओव्हरड्राइव्ह असलेलीच घ्यावी, हा माझा सल्ला मी प्रत्येकाला न विचारता देत असतो.

पहिल्या दिवशी शॅपचा चढ, कार्लाइल आणि ग्लासगो मागे टाकून आम्ही लॉख लोमंडच्या काठाने ए८२ वर लागलो. रॅनक मूरच्या ओसाड पठारावर चहासाठी थांबलो आणि पुन्हा निघण्यासाठी मी किल्ली फिरवली, तोच सौ. म्हणाली, “अहो, टिकटिक ऐकू येत नाही.” या गाडीचा पेट्रोल पंप विजेवर चालतो आणि किल्ली फिरवताच कार्बोरेटर भरेपर्यंत त्याची टिकटिक चालू राहते, ती नाही म्हणजे पेट्रोल नाही. माझ्या गाडीत हा पंप उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली आहे. मी ओल्या खडीवर आडवा झालो, पान्याच्या मुठीने पंपावर दोन हलके ठोके दिले आणि टिकटिक सुरू झाली. गाडी बराच काळ उभी राहिली की आतल्या पॉइंट्सवर, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर, थर धरतो, एवढेच त्याचे कारण. यासाठी गाडी जॅकवर चढवून खाली शिरण्याचे धाडस कोणी करू नये, कडेने हात घातला की पुरते. त्या पाच मिनिटांत मिज नावाच्या तिथल्या चिलटांनी माझ्या मानेचे जे केले, ते पाहता उन्हाळ्यात जाणाऱ्याने पान्यांइतकीच चेहऱ्यावरची जाळीही आवश्यक मानावी.

फोर्ट विल्यमला मुक्काम करून तिथेच टाकी भरली. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबरी नळ्यांना खाते. म्हणून कमी इथेनॉलचे सुपर पेट्रोल घ्यावे, आणि पुढच्या लहान गावांत ते मिळेलच असे गृहीत धरू नये. निघण्यापूर्वी नळ्या बदलून घेतल्या असतील तर उत्तमच.

अ‍ॅपलक्रॉसला जाणारी बेलॅख ना बा, म्हणजे गुरांची खिंड, टॉर्नाप्रेसजवळ जवळजवळ समुद्राच्या पातळीवरून सुरू होते आणि ६२६ मीटर उंचीवर पोहोचते. चढ काही ठिकाणी पाचास एक, म्हणजे पाच मीटर पुढे जाताना एक मीटर वर, इतका तीव्र आहे. वरंधा घाटात हात बसलेल्याला नागमोडी वळणांची भीती वाटणार नाही, पण इथे रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा आहे आणि समोरून कोणी आले की एकाला बगलेच्या जागेपर्यंत मागे जावे लागते. त्या जागा वाहने उभी करण्यासाठी नसतात. मागून घाईत असलेल्यालाही तिथेच वाट द्यावी. आम्ही सकाळी आठच्या आत चढायला लागलो, म्हणून वर जाईपर्यंत दोनच गाड्या भेटल्या.

शेवटच्या वळणांवर पहिल्या गिअरशिवाय इलाज नव्हता. तापमानाचा काटा उजवीकडे सरकू लागला तेव्हा हीटर पूर्ण उघडला. हीटर म्हणजे इंजिनाला मिळालेला दुसरा छोटा रेडिएटरच. त्याची झळ सोसण्यासाठी आम्ही पुढच्या तिकोनी काचाही उघडल्या आणि जूनच्या थंड वाऱ्यात घामाघूम होऊन माथ्यावर पोहोचलो. समोर रासे आणि स्काय ही बेटे स्वच्छ दिसत होती. उतरताना ओव्हरड्राइव्ह बंद करून दुसऱ्या गिअरमध्येच राहावे, कारण माझ्या गाडीच्या ब्रेकना सर्व्होची, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेची, मदत नाही आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. ते तापले की पायाखालचा दाब फसवा होतो.

परतताना शील्डेगकडून किनाऱ्याचा रस्ता घेतला. तो १९७० च्या दशकात झाला, त्याआधी खिंडीवाचून गावाला गाडीरस्ता नव्हता. चढाची धास्ती असणाऱ्याने खुशाल जाता-येता दोन्ही वेळा याच रस्त्याने जावे, मात्र तोही अरुंदच आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. चाळीस वर्षांवरील गाडीला रस्ता-कर भरावा लागत नाही, तरी दरवर्षी त्याचा अर्ज करावाच लागतो. वार्षिक तपासणीतून सूट असली तरी मी ती करून घेतो, कारण पुढची चाके ज्यावर वळतात त्या किंगपिनमधील ढिलाई स्वतःला सवयीने जाणवेनाशी होते. विमा घेताना गाडीची किंमत आधी लेखी ठरवून घ्यावी आणि भर रस्त्यात बंद पडल्यास घरापर्यंत आणून देण्याची सोय त्यात आहे ना, हे पाहावे. सोबत २०डब्ल्यू-५० तेलाचा डबा, पंख्याचा पट्टा, फ्यूज आणि कंडेन्सर असू द्यावा. आम्हाला चार दिवसांत अर्धा लिटर तेल लागले.

घरी आल्यावर रविवारी पंप उघडून पॉइंट्समधून जाड कागदाची पट्टी दोन-तीनदा ओढली. ती काळी कुळकुळीत निघाली. सोमवारी याच गाडीने कामावर गेलो.