दहा बोटांचे ठसे

लातुरात औसा रोडला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आजूबाजूला क्लास, होस्टेल, मेस. फेब्रुवारी उजाडला की नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, फॉर्मांची गर्दी सुरू होते. 2025 साली शेवटची तारीख होती 7 मार्च, आणि रात्री 11:50 ला साइट बंद होणार होती.

दुपारी चारच्या सुमाराला निलंगा तालुक्यातले एक काका पोराला घेऊन आले. पोराचा हा तिसरा फॉर्म. पहिल्या वेळी 338 मार्क, दुसऱ्या वेळी 452. त्या दुसऱ्या वेळी, म्हणजे 2024 ला, मार्कांचा असा पूर आला होता की खुल्या गटातल्या सरकारी जागा सहाशेच्या बऱ्याच पुढं संपल्या.

"यंदा होतंयच बघा भाऊ," काका म्हणाले. पोरगं भिंतीवरचं झेरॉक्सचं रेटकार्ड वाचत होतं.

जन्मतारीख, बारावीचा नंबर, परीक्षेचं शहर, सगळी उत्तरं काकांनीच दिली. ओटीपीसुद्धा त्यांच्याच मोबाइलवर आला. यात नवल काही नाही, आमच्याकडं रोजचंच आहे. सही मागच्या वर्षी स्कॅन केलेली होती. ठशांची फाइल मात्र सापडेना. दोन्ही हातांची बोटं आणि अंगठे, दहा ठसे. बापाला पोराच्या वतीनं करता येत नाही असं हे एकच काम उरलं होतं.

मी स्टॅम्प पॅड पुढं सरकवलं. पहिल्या कागदावर ठसे फाकले. दुसऱ्यावरही तेच. पोराच्या हाताला घाम सुटत होता. पंखा फुल्ल होता, वर ऊन मार्चचं, म्हणून मी आधी मनावर घेतलं नाही.

"असंच होतं माझं," तो हळूच म्हणाला. "पेपर समोर आला की."

मी तिसरा कागद ठेवला. त्यानं दहाही बोटं शाईत बुडवली आणि हात तसेच अधांतरी धरून बसला.

"दाब की रे."

काही नाही.

"दाब म्हणलं ना!"

"आबा, मला नाही बसायचं."

मागं पाच-सहा जण उभे होते. कुणी बोलेना. काका चिडतील असं मला वाटलं होतं. ते माझ्याकडं वळले. "तुमीच सांगा ह्याला. हमीभाव अठ्ठेचाळीसशे ब्याण्णव आहे म्हणत्यात, मी चार हजारानं सोयाबीन घातली आडतीवर. थांबायला पैसा कुठं होता? ह्याच्या क्लासचा हप्ता होता." मग पोराला म्हणाले, "मंग करायचंय काय तुला?"

"माहीत नाही."

त्यानं गाणं, क्रिकेट, असलं काहीतरी सांगितलं असतं तर काकांना भांडता तरी आलं असतं. 'माहीत नाही'शी काय भांडणार?

मला माझ्या बापानं बारावीनंतर दंडाला धरून टायपिंगला नेऊन बसवलं होतं. मी रडलो होतो. मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसच्या परीक्षा काढल्या, आणि आज त्याच बोटांवर घर चालतंय. त्यामुळं 'पोरांना मोकळं सोडा' म्हणणाऱ्यांचं मला फारसं पटत नाही. कोरडवाहू शेतात जन्म गेलेल्या बापानं पोराला रेटायचं नाही तर काय करायचं? पण माझं टायपिंग वर्षभरात संपलं. नीटला वयाची वरची अट नाही, कितीदा बसायचं यालाही मर्यादा नाही. 'आता बास' असं सरकार म्हणत नाही, क्लासवाले तर म्हणणारच नाहीत, आणि फॉर्ममागं शंभर रुपये घेणारा मीही म्हणत नाही. ते म्हणायचं राहतं बापाकडं, आणि त्याचे तर पैसे अडकलेले असतात. (माझी पोरगी सातवीत आहे. फाउंडेशन बॅचचा पहिला हप्ता मी जूनमध्येच भरलाय. तिला विचारलं होतं का, खरंच आठवत नाही.)

"काका, फॉर्म सेव्ह केलाय," मी म्हणालो. "ठसे आणि सतराशे फी, एवढंच राहिलंय. रात्रीपर्यंत वेळ आहे. आधी चहा घेऊन या."

काकांनी खिशातली दस्ती काढली, जारच्या पाण्यात भिजवली आणि पोराची बोटं एकेक करून पुसायला लागले. एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं, त्यानं हात ओढून घेतला नाही. शाई काही नीट निघाली नाही. दोघं चहाला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत.

रात्री दुकान बंद करून घरी आलो, जेवलो. फोन वाजला. काका होते.

"भाऊ, ठशाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर धाडला तर चालतंय का?"

"चालतंय की. फोटो साफ पाहिजे."

"किती येळ आहे अजून?"

मी घड्याळ बघितलं. 11:22. "अर्धा तास धरा."

बराच वेळ पलीकडून फक्त कुत्र्यांचा आवाज येत होता.

"झोपलंय ते," काका म्हणाले. "दोन-तीन महिन्यांत असं गाढ झोपलेलं बघितलं नव्हतं. उठवू का?"

"झोपू द्या," मी म्हणालो.