उत्रेख्त, पहाटे साडेतीन

मूल दोन वर्षांचं व्हायच्या आत परदेशी जाऊन या, असं सगळे सांगतात. मांडीवर बसणाऱ्या बाळाचं तिकीट मोठ्यांच्या तिकिटाच्या साधारण १० टक्क्यांत होतं, दोन वर्षं पूर्ण झाली की स्वतंत्र सीट घ्यावी लागते. सल्ला बरोबर आहे. मी तो पाळला नाही, आणि कारण पैशांचं नव्हतं. जिच्याकडे जायचं होतं तिच्यासमोर मुलीला घेऊन उभं राहायचा मला धीर होत नव्हता. शेवटी गेलो तेव्हा लेक दोन वर्षं चार महिन्यांची झाली होती.

ही माझी हॉस्टेलची मैत्रीण. चार वर्षं एका खोलीत काढलेली. आता नऊ वर्षं ती आणि तिचा नवरा नेदरलँड्समध्ये उत्रेख्त शहरात राहतात. त्यांना मूल हवं होतं. त्यासाठीचे उपचार बरीच वर्षं चालले. एकेक आयव्हीएफ फसल्यावर तिचा फोन यायचा आणि आम्ही तासभर बोलायचो. त्यातला शेवटचा प्रयत्न फसला त्याच सुमारास मला दिवस गेले. मी तिला सांगितलं पाचव्या महिन्यात, तेही मेसेज लिहून. तिने लगेच अभिनंदन कळवलं, बाळाला कपडे पाठवले, बारशाला व्हिडिओवर आली. पण तासभराचे फोन संपले ते संपलेच.

बोलावलं तिनेच. व्हिसासाठी लागणारं हमीपत्र भरलं, तिथल्या नगरपालिकेत जाऊन सही साक्षांकित करून घेतली आणि कागद पाठवले. सहा वर्षांखालच्या मुलांना शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाची, फी पडत नाही, हेही तिनेच शोधून सांगितलं.

विमानातले नऊ तास कसे गेले ते लिहीत नाही. लेक चार तास झोपली, उरलेले पाच तास आम्ही दोघं आळीपाळीने तिला घेऊन मधल्या वाटेत फिरलो.

ॲमस्टरडॅमचा स्किपोल विमानतळ आहे ती जागा म्हणजे एके काळचं मोठं तळं. १८५२ साली पाणी उपसून ते कोरडं केलं. त्यामुळे विमान समुद्रसपाटीच्याही खाली उतरतं. नवरा हे लेकीला उत्साहाने सांगत होता. बाहेर आलो तर समोर मैत्रीण उभी. लेकीने तिला फोनवर पाहिलेलं होतं, ती सरळ "मावशी" म्हणत धावली. मी मागून जाऊन तिला उचललं. "मावशीला दमवू नको," म्हणाले.

उत्रेख्तला जाणाऱ्या गाडीत आम्ही नेमके शांतता डब्यात चढलो. तिथे काचेवरच 'शांतता' असं लिहिलेलं असतं आणि लोक ते मनापासून पाळतात. लेक मोठ्याने गात होती. पलीकडच्या आजींनी काही न बोलता काचेवरच्या अक्षरांकडे बोट केलं. मला फार लागलं ते. रात्रभर न झोपलेल्या आईला त्या एका बोटाने रडू फुटू शकतं. बॅगा, बाबागाडी घेऊन डबा बदलायची वेळ आली तेव्हा मैत्रिणीने लेकीसाठी हात पुढे केले. "राहू दे, मी घेते," मी म्हणाले.

तिच्या घरात पाय टाकला आणि मी दारातच थांबले. डच घरांतले जिने माळ्यावर चढायच्या शिडीइतके उभे असतात. तिच्या जिन्याला खाली एक आणि वर एक, अशी दोन फाटकं बसवलेली होती. शेजाऱ्यांकडून मागून आणलेली. जेवायची उंच खुर्ची, छोटी गादी, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर, खिडक्यांना काळे पडदे. बाहेर बाकफीट्स, म्हणजे पुढे लाकडी पेटी असलेली सायकल. पेटीत मुलं बसवून इथले आईबाप शाळेत, बाजारात, कुठेही जातात. तीही आठवड्यापुरती मागितलेली. ज्या घरात मूल नाही त्या घराने एका मुलासाठी इतकं करून ठेवलं होतं. आणि मी मनात म्हणत होते, हे करताना हिला किती त्रास झाला असेल.

काळे पडदे का, ते रात्री कळलं. जूनअखेर तिथे सूर्य दहानंतर मावळतो. आठ वाजता लख्ख उजेडात लेक मला म्हणाली, "आई, दुपार झाली." पहिल्या दोन्ही संध्याकाळी ती झोपेपर्यंत आम्हीही झोपलेलो असायचो.

पहिले दोन दिवस म्हणून तक्रारीचेच. जुन्या मित्रांना भेटायला जावं आणि चार मोठ्या माणसांनी दिवसभर एकाच मुलाकडे बघत बसावं, वाक्य पुरं होऊ नये, यासारखं दुःख नाही. आउडेख्राख्त हा तिथला जुना कालवा फार सुंदर आहे. रस्त्याच्या खालच्या पातळीवर पाण्याला लागून धक्का आहे आणि त्यावर जुन्या तळघरांची दारं उघडतात. पण पाण्याच्या कडेला कठडा नाही. मैत्रीण काहीतरी सांगत होती आणि मी लेकीचं मनगट घट्ट धरून फक्त पाण्याकडे बघत होते. डोम या जुन्या चर्चच्या मनोऱ्यापाशी मात्र बरं वाटलं. ११२ मीटर उंच मनोरा एकीकडे, चर्च दुसरीकडे, मध्ये मोकळा चौक. मधला भाग १६७४ च्या वादळात कोसळला तो पुन्हा बांधलाच नाही. त्या मोकळ्या जागेत लेक मनसोक्त पळाली. मैत्रीण तिच्यामागे पळायला लागली तशी मी नवऱ्याला खूण केली, तू जा म्हणून.

लेक आपल्या घरी सातला उठते. आपले सात म्हणजे उन्हाळ्यात तिथले पहाटेचे साडेतीन. तिसऱ्या रात्रीही ती त्याच वेळी टक्क जागी झाली आणि घर उठू नये म्हणून मी तिला घेऊन खाली स्वयंपाकघरात आले. तिने खालचं कपाट उघडून डब्यांची झाकणं फरशीवर मांडायला घेतली. पाच मिनिटांत मैत्रीण जिना उतरून आली. काही न बोलता चहाचं आधण ठेवलं. कप माझ्यापुढे ठेवला आणि बसायच्या आधीच म्हणाली,

"तू मला पाचव्या महिन्यात सांगितलंस."

मी गप्प.

"मला आधीच कळलं होतं. तू व्हिडिओ बंद केलास आणि नुसता फोन करायला लागलीस. मग तेही कमी केलंस. बाळ होणार याचं मला वाईट वाटलंच. खोटं कशाला बोलू? पण तू पोट लपवलंस ते जास्त लागलं."

"तू रडशील म्हणून," मी म्हणाले.

"रडलेच असते. पण तुझ्याजवळ रडले असते ना. तुझा मेसेज वाचून बाथरूममध्ये एकटी रडले."

इतकी वर्षं एकेका प्रयत्नाचं सगळं माझ्याजवळ बोललेली ही बाई. जे तिला सर्वांत जड जाणार होतं नेमकं त्याच वेळी मी बाजूला झाले होते, आणि त्याला मी काळजी म्हणत होते. मी तसं म्हटलं. माफीही मागितली. तिने ती ऐकून घेतली, "असू दे" वगैरे म्हणाली नाही. तिने तसं म्हटलं नाही हे मला बरं वाटलं.

"आणि अजूनही तेच करतेयस," ती म्हणाली. "ती माझ्याकडे आली की तू उचलून घेतेस. विमानतळावर, गाडीत, काल चौकात. मी मोजलंय."

लेक उठून आली. दोन्ही हातांत झाकणं. "मावशी, धर." मैत्रिणीने धरली. ती आणखी आणायला गेली. मावशीच्या मांडीवर नऊ-दहा झाकणांची चळत झाली, मग लेकीने ती सगळी ढकलून दिली आणि स्वतः तिथे चढून बसली. माझे हात सवयीने टेबलावरून उचलले गेले होते. ते मी कपाभोवती धरून ठेवले.

मग आम्ही बोललो. तिने आता उपचार थांबवलेत. थांबवायचं ठरवल्याचा दिवस तिने मला सगळा सांगितला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. मी तिला बाळंतपणानंतरचे माझे वाईट महिने सांगितले. तिच्यासमोर तक्रार करायचा आपल्याला हक्क नाही, असं वाटून तेही आजवर लपवलं होतं. बाहेर चार-सव्वाचारला पक्षी ओरडायला लागले, आभाळ निळसर झालं. लेकीने पावाच्या तुकड्यावर चॉकलेटचा चुरा घालून खाल्ला. तिकडे त्याला हाखेलस्लाख म्हणतात आणि मोठी माणसंसुद्धा न्याहारीला खातात. सहा वाजता मैत्रिणीने विचारलं, "सायकलवर नेऊ?" मी म्हटलं, ने. त्या दोघी गेल्या आणि मी सोफ्यावर नऊपर्यंत झोपले.

पुढचे चार दिवस चांगले गेले. जुन्या मालीबान स्टेशनातलं रेल्वे संग्रहालय लेकीने दोनदा बघायला लावलं, ॲमस्टरडॅमची गर्दी मला आवडली नाही. लेकीची झोप हळूहळू तिथल्या घड्याळाला लागली. म्हणजे आमचं पहाटेचं स्वयंपाकघर बंद झालं.

निघायच्या आदल्या रात्री लेक गाढ झोपली होती. मला साडेतीनला आपोआप जाग आली. अंधारात चाचपडत जिना उतरले. खालच्या फाटकाची कडी मला आठवडाभर उघडता आली नव्हती, म्हणून भिंतीला धरून वरूनच पाय टाकला. स्वयंपाकघरात दिवा होता. ती ओट्यापाशी उभी होती आणि तिने दोन कप काढून ठेवले होते.