बुलेटचं ट्यूनिंग: कार्बुरेटर सगळ्यात शेवटी

माझी बुलेट १९९० च्या दशकातली, उजव्या पायात गिअर असलेली पॉइंटवाली (उघडझाप करून ठिणगी पाडणारे जुने संपर्क) ३५० सीसी. यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरला रेस दिली की आधी गचके, मग टकटक नॉकिंग. रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके. आणि इंजिन एकदा तापलं की किक मारून मारून घाम निघायचा. साताऱ्यात ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, "कार्बुरेटरचा स्क्रू फिरवून घे," म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण बदल.

शेवटी ज्या मिस्त्रीकाकांकडे गेलो, त्यांनी कार्बुरेटरकडे ढुंकूनही बघितलं नाही. "आधी टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग. ते जमलं की त्याच्याकडं बघू." टॅपेट म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्यांची सेटिंग, टायमिंग म्हणजे ठिणगी पडायची वेळ. मला हे पटतं. व्हॉल्व नीट बसत नसेल किंवा ठिणगी भलत्याच वेळी पडत असेल, तर मिश्रण बदलून फक्त खोड झाकली जाते.

टॅपेट थंड इंजिनवरच. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (मिश्रण दाबताना पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) आणून बाजूचं झाकण काढायचं आणि पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा, बोटांनी फिरवायचा. सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलायला नको. एक्झॉस्टचा रॉड चांगलाच आवळलेला निघाला. म्हणजे तापल्यावर व्हॉल्व पूर्ण मिटत नव्हता आणि कॉम्प्रेशन निसटत होतं. गरम गाडीची किक तिथंच अडत होती.

पॉइंटवर खड्डे पडले होते. नवे घालून गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवली. ही गॅप बदलली की टायमिंगही सरकतं, म्हणून हा क्रम उलटा करून चालत नाही. पुढची युक्ती मला फार आवडली. इग्निशन ऑन करून पॉइंटची प्लेट हळूहळू फिरवायची आणि डोळा हेडलाइटवरच्या अँपिअर मीटरवर. पॉइंट मिटलेले असताना काटा मायनसकडे झुकतो, उघडले की मधोमध येतो. पिस्टन टीडीसीच्या ०.८ मिमी अलीकडे असताना काटा परत आला की टायमिंग बसलं. नॉकिंगचं मूळ मात्र प्लेटच्या मागं होतं. ऑटो अ‍ॅडव्हान्सच्या (वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा सैल झाल्या होत्या, त्यामुळं कमी आरपीएमलाच ठिणगी लवकर पडायची. स्प्रिंगा बदलल्या.

नॉकिंग गेलं, फटाके राहिले. तेव्हा कुठं कार्बुरेटरची पाळी आली. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एक भाग पेट्रोल जळायला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च. म्हणजे जुन्याच सेटिंगवर मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होणार. काकांनी निडलची, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या सुईची, क्लिप एक खाच खाली घेतली, त्यानं निडल वर उचलली गेली आणि पेट्रोल जास्त जायला लागलं. मग गरम इंजिनवर पायलट स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण ठरवणारा) फिरवत आयडलिंग स्थिर केलं. प्लग आधी पांढरट होता, घाटात एक फेरी मारून काढला तर बिस्किटी, म्हणजे मिश्रण जमलं.

ताकद वाढली का? कंपनीचे १८ बीएचपीच, ते कुठून वाढणार? पण ७० बाय ९० मिमीचं लांब स्ट्रोकचं इंजिन आहे, खालच्या आरपीएमला ओढणं हाच त्याचा धर्म, आणि तो परत आला. आता यवतेश्वर तिसऱ्यातच चढते, वळणावर दुसरा टाकावा लागत नाही.

कासला पोचल्यावर, बाराशे मीटरच्या आसपास, हवा विरळ झाल्यानं मिश्रण थोडं रिच (पेट्रोल जास्त) होतं आणि गाडी जराशी जड वाटते. काका म्हणाले, "क्लिप परत वर घेऊ का?" म्हटलं, राहू द्या, रोज कासला कोण जातंय.